कवीरा म्वांगाझा: लोकांनी एकदा निवडलं, सभागृहाने तीनदा हटवलं

केनियात मेरू नावाची एक काउंटी आहे. तिथल्या गव्हर्नर बाईंना पदावरून काढायचा ठराव त्यांच्याच काउंटीच्या सभागृहाने दोन वर्षांच्या आत तीन वेळा पास केला. दोनदा त्या वाचल्या, तिसऱ्यांदा नाही वाचल्या, मग कोर्टाच्या स्टेवर जवळजवळ सात महिने खुर्चीत बसल्या आणि मार्च २०२५ मध्ये शेवटी गेल्या. नाव कवीरा म्वांगाझा. आफ्रिकेतल्या राजकारणाची बातमी आपल्याकडे आली तर राष्ट्राध्यक्षांची येते, नाहीतर सत्तापालटाची, जिल्हा पातळीवर काय चाललंय हे कोणी सांगतच नाही. पण या बाईंची गोष्ट नीट बघितली तर केनियाची सगळी सिस्टीम कशी चालते ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पद समजून घेऊ. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा वरून नेमलेला नसतो, लोक थेट मतदान करून त्याला निवडतात. २०१० साली केनियाने नवीन राज्यघटना आणली, कारण २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे भयानक हिंसाचार झाला होता, हजाराच्या वर माणसं मेली, आणि सगळी सत्ता आणि सगळा पैसा नैरोबीत एकाच खुर्चीभोवती असला की त्या खुर्चीसाठी रक्त सांडणारच हे लोकांच्या लक्षात आलं होतं. मग देशाचे ४७ भाग केले, त्यांना काउंटी म्हणतात. प्रत्येक काउंटीला एक गव्हर्नर, एक डेप्युटी, एक छोटं मंत्रिमंडळ आणि एक सभागृह. देशाच्या महसुलातला किमान १५ टक्के वाटा या ४७ जणांत वाटायचा असं घटनेतच लिहून टाकलं. दवाखाने, शेती, बालवाड्या, गावाकडचे रस्ते, बाजार हे काउंटीकडे. पोलीस, शाळा, युनिव्हर्सिटी हे मात्र नैरोबीकडेच राहिलं. पहिल्या निवडणुका २०१३ ला झाल्या.

सभागृहात जे बसतात त्यांना एमसीए म्हणतात, वॉर्डातून निवडून आलेले मेंबर. मेरूत ४५ वॉर्ड आहेत पण सभागृह ६९ जणांचं आहे, कारण वरचे २४ जण पार्ट्यांच्या यादीतून नेमलेले असतात. हे नेमलेले कशासाठी, तर घटनेत नियम आहे की निवडून दिलेल्या कुठल्याही सभागृहात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशपेक्षा जास्त सदस्य नकोत, आणि वॉर्डातून बायका निवडून येतात अगदी थोड्या, मग ही कमतरता नेमणुका करून भरून काढायची. म्हणजे सभागृहात बायका दिसतात भरपूर, पण स्वतःचा वॉर्ड असलेल्या मोजक्याच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मेरू हे माउंट केनियाच्या उताराला, २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास. चहा, कॉफी, दुधाची जनावरं, आणि मिरा. मिरा म्हणजे एका झाडाची कोवळी पानं-देठं, चघळली की तरतरी येते, सोमालिया आणि आसपास त्याचं मोठं मार्केट आहे. २०१४ ला ब्रिटनने त्यावर बंदी घातली तेव्हा मेरूच्या शेतकऱ्यांचं कंबरडंच मोडलं होतं, आणि तेव्हापासून मेरूत मतं मागायला येणारा प्रत्येक जण मिरावर काहीतरी बोलतोच बोलतो. समाजात न्जुरी न्चेके नावाची ज्येष्ठांची जुनी परिषद आहे, सगळे पुरुष, त्यांच्या शब्दाला आजही मान आहे. अशा ठिकाणी एका बाईने, तेही कुठल्या पार्टीच्या तिकिटाशिवाय, गव्हर्नर होणं ही साधी गोष्ट नव्हती.

कवीरा मूळच्या चर्चच्या कामातल्या. नवऱ्यासोबत त्यांनी स्वतःचं चर्च चालवलं, स्वतःचा स्थानिक टीव्ही चॅनल काढला, बाइते टीव्ही, तोही मेरू भाषेत. नवरा मुरेगा बाइचू गिटार वाजवतो, गाणी म्हणतो. दोघं मिळून गावोगाव जायचे, एखाद्या गरीब बाईच्या दारात गाय नेऊन बांधायची, कुठे गादी द्यायची, कुठे पडकं घर पाडून पत्र्याचं नवीन उभं करून द्यायचं, नवरा गिटारवर गाणं धरणार, बाया नाचणार, आणि हे सगळं चॅनलवर दिसणार. या उपक्रमाला त्यांनी ओकोलेया असं नाव दिलं होतं. आता याला समाजसेवा म्हणायचं की प्रचार, ज्याचं त्याने ठरवावं, मला विचाराल तर दोन्ही एकदमच चालू होतं आणि त्यात लपवण्यासारखं त्यांनाही काही वाटत नव्हतं. पण एक आहे, ज्या घरात गाय गेली त्या घराला पार्टी कुठली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना कवीरा माहीत होती, बास.

२०१७ ला त्या मेरूच्या वुमन रिप्रेझेंटेटिव्ह झाल्या, अपक्ष म्हणून. हे पदही जरा वेगळंच आहे. केनियाच्या खालच्या सभागृहात ४७ जागा फक्त बायकांसाठी आहेत, प्रत्येक काउंटीतून एक, आणि मतदान पूर्ण काउंटी करते, पुरुषसुद्धा. म्हणजे साध्या खासदाराला एक मतदारसंघ सांभाळायचा असतो आणि या बाईला अख्खी काउंटी फिरावी लागते, वर साध्या खासदाराकडे जो मतदारसंघाचा मोठा फंड असतो तसा तिच्याकडे नसतो, बायका-तरुण-अपंगांसाठीचा एक वेगळा छोटा फंड असतो तेवढाच. त्यामुळे केनियात या जागेला दुय्यम समजणारे पुष्कळ आहेत. पण ज्या बाईला पुढे गव्हर्नर व्हायचंय तिच्यासाठी ही जागा म्हणजे आयती संधी, कारण गव्हर्नरचा मतदारसंघही तोच, पूर्ण काउंटी. पाच वर्षं तुम्ही त्याच मतदारांसमोर फिरताय.

कवीरांनी तेच केलं. ऑगस्ट २०२२ ला गव्हर्नरसाठी उभ्या राहिल्या, परत अपक्ष. समोर कोण होतं बघा. किराइतू मुरुंगी, तेव्हाचे गव्हर्नर, मंत्री राहिलेले, मेरूच्या राजकारणातलं जुनं मोठं नाव. आणि मिथिका लिंतुरी, तेव्हाचे सिनेटर म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातले मेंबर, त्याच निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम रूटोंच्या पार्टीचे, आणि त्या वर्षी माउंट केनियाच्या सगळ्या पट्ट्यात रूटोंची लाट होती. या दोघांना बाजूला सारून बाई २ लाख ९ हजारांच्या वर मतं घेऊन निवडून आल्या, लिंतुरींना १ लाख ८३ हजार आणि किराइतूंना १ लाख १० हजारांच्या आसपास. पहिल्या निवडणुकीत, २०१३ ला, ४७ मध्ये एकही बाई गव्हर्नर नव्हती. २०१७ ला तीन आल्या, चॅरिटी न्गिलू, जॉइस लाबोसो आणि ॲन वाइगुरू. २०२२ ला सात. त्या सातांत कवीरा एक, आणि अपक्ष म्हणून आलेल्या एकट्याच.

इथूनच खरी अडचण सुरू झाली. गव्हर्नर अपक्ष, म्हणजे ६९ च्या सभागृहात स्वतःची म्हणावी अशी पार्टीच नाही. आपल्याकडे थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडायची पद्धत आणली तेव्हा काय व्हायचं ते आठवा, नगराध्यक्ष एका पार्टीचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, मग विषयपत्रिकेवरच्या प्रत्येक ठरावाला खो. मेरूत तेच, फक्त रक्कम अब्जावधी शिलिंगची. बजेट सभागृह पास करणार, काउंटीचे मंत्री नेमायला सभागृहाची मंजुरी लागणार, आणि एमसीएंना काय पाहिजे तर माझ्या वॉर्डातला रस्ता, माझ्या वॉर्डाचा फंड, माझा कॉन्ट्रॅक्टर. हे केनियात सगळीकडेच आहे. बाईंचं म्हणणं की मी कंत्राटांची साखळी तोडली, टोळ्यांचा धंदा बंद पडला म्हणून हे माझ्यावर उठलेत. एमसीएंचं म्हणणं की बाई कोणाला विचारत नाहीत, सभागृहाला किंमत देत नाहीत, आणि नवऱ्याला सगळीकडे पुढे करतात.

नवऱ्याचा विषय खरंच नडला. सत्तेत आल्या आल्या बाईंनी नवऱ्याला युवकांच्या कार्यक्रमाचा पेट्रन आणि कष्टकऱ्यांचा ॲम्बेसेडर असं काहीतरी पद देऊन टाकलं. पगार नाही, असं सांगितलं, पण असल्या गोष्टीत पगार हा मुद्दाच नसतो ना, काउंटीच्या कार्यक्रमात स्टेजवर कोण बसतंय ते लोक बघतात. पुढे एका सरकारी रस्त्याला नवऱ्याचं नाव दिल्याचाही आरोप झाला. पुरुष नेत्यांच्या बायका, भाऊ, मेहुणे किती ठिकाणी असतात आणि तेव्हा कोणी हूं की चूं करत नाही, हे सगळं मान्य, पण ज्या बाईचं सभागृहात एकही हक्काचं मत नाही तिने तरी विरोधकांच्या हातात इतकं सोपं कोलीत द्यायला नको होतं असं मला राहून राहून वाटतं.

आता महाभियोगाची प्रोसिजर, कारण सगळा खेळ तिच्यात आहे. गव्हर्नरला काढायचं असेल तर आधी एक तृतीयांश एमसीएंच्या पाठिंब्याने सभागृहात ठराव आणायचा. मग दोन तृतीयांश मतांनी तो पास झाला पाहिजे. मेरूच्या ६९ मध्ये दोन तृतीयांश म्हणजे ४६. इथे एक मजेशीर उदाहरण सांगतो, केरिचो काउंटीत २०२४ ला त्यांच्या गव्हर्नरविरुद्ध ४७ पैकी ३१ मतं पडली, आणि ४७ चे दोन तृतीयांश येतात ३१.३३, मग ३१ पुरतात की ३२ लागतात यावर नैरोबीत वकिलांची जुंपली आणि शेवटी सिनेटने सांगितलं ३१ पुरत नाहीत, गव्हर्नर वाचला. अपूर्णांकाने खुर्ची वाचवली!

पण सभागृहात ठराव पास झाला म्हणून गव्हर्नर घरी जात नाही. तो फक्त आरोप असतो. तिथून प्रकरण जातं नैरोबीला सिनेटकडे, आणि सिनेट तिथे कोर्टासारखी बसते. दोन मार्ग असतात. एक, ११ सिनेटरांची कमिटी नेमायची, ती दहा दिवसांत चौकशी करून आरोप सिद्ध झाले की नाही ते सांगते, आणि सिद्ध झाले नाहीत म्हणाली की विषय तिथेच संपला. दुसरा, पूर्ण सिनेटपुढे सुनावणी. दोन्हीकडे वकील, साक्षीदार, उलटतपासणी, सगळं टीव्हीवर लाइव्ह, आणि शेवटी एकेका आरोपावर वेगळं मतदान. सिनेटमध्ये मेंबर आहेत ६७, पण इथे मतं फक्त ४७, प्रत्येक काउंटीचं एक. त्यामुळे २४ मतं मिळाली की संपलं, आणि तीही कुठल्या तरी एकाच आरोपावर मिळाली तरी चालतात. आणि सिनेटने सोडून दिलं तरी तेच आरोप तीन महिन्यांनी परत आणायला कायद्याची आडकाठी नाही.

हे शेवटचं वाक्य मेरूच्या एमसीएंनी फार मनावर घेतलं म्हणायचं. डिसेंबर २०२२ मध्ये, बाईंना गव्हर्नर होऊन चार महिनेही झाले नव्हते, ६७ जणांनी त्यांना काढायच्या बाजूने मत दिलं. सिनेटने सिनेटर बोनी खलवाले यांच्या अध्यक्षतेखाली ११ जणांची कमिटी बसवली, कमिटीने वर्षाच्या शेवटी सांगितलं की आरोप सिद्ध होत नाहीत. वाचल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये परत, सात आरोप, निधीचा गैरवापर, नातेवाइकांना झुकतं माप, इतर नेत्यांची बदनामी, कोर्टाचा अवमान, तो रस्ता वगैरे, ५९ मतं. यावेळी पूर्ण सिनेटपुढे सुनावणी झाली आणि नोव्हेंबरात सातच्या सात आरोप पडले. परत वाचल्या. आता पहिल्या वेळी ६७, दुसऱ्या वेळी ५९ हे आकडे बघितले तर एमसीएंचा आकडा कमी होत होता, म्हणजे बाईंनी काही जणांना आपल्याकडे वळवलं होतं हे उघड आहे. दोन ठरावांच्या मधल्या काळात मध्यस्थीचे प्रयत्नही झाले, पण कोणी मागे हटायला तयार नव्हतं. त्यात डेप्युटी गव्हर्नर आयझॅक मुतुमा, जे बाईंच्याच जोडीला निवडून आले होते, त्यांचंही बाईंशी कधीच फाटलं होतं.

तिसरी वेळ ८ ऑगस्ट २०२४. ४९ मतं बाजूने, १७ विरोधात. काठावरच, ४६ लागतात त्यात ४९. आणि ठराव कोणी मांडला, तर सभागृहातल्या एका महिला सदस्यानेच, तीही नेमलेली. मघाशी म्हटलं ना लक्षात ठेवा म्हणून. ज्या मेंबरला वॉर्ड नाही, जिचं पद पार्टीच्या यादीवर अवलंबून, तिने पार्टीची लाइन सोडून बाई म्हणून बाईच्या मागे उभं राहावं अशी अपेक्षा बाहेरून करणं सोपं आहे. जागा भरल्या म्हणजे पाठिंबा तयार होतो असं नसतं.

यावेळी आरोप तीनच ठेवले होते. घटना आणि कायद्याचं गंभीर उल्लंघन, लोकांची दिशाभूल, आणि पदाचा गैरवापर. दिशाभूल कशी, तर त्यात एक मुद्दा असा होता की खून झालेल्या एका स्थानिक ब्लॉगरच्या कुटुंबासाठी मोबाइलवरून वर्गणी गोळा केली होती, केनियात लग्नापासून मयतीपर्यंत सगळी वर्गणी मोबाइलवरच गोळा होते, आणि तिचा आकडा गव्हर्नरने लोकांना चुकीचा सांगितला असं सभागृहाचं म्हणणं. बाईंनी सगळे आरोप नाकारले. मोठे घोटाळेच ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे किरकोळ वाटेल, पण सात ठिकाणी नेम धरण्यापेक्षा तीनच ठिकाणी नीट धरलेला बरा हे एमसीएंचे वकील दोन पराभवांतून शिकले असावेत असा माझा अंदाज आहे.

२० ऑगस्टच्या रात्री सिनेटमध्ये मतदान झालं. पहिल्या आरोपावर २६ मतं पडली, तिथेच निकाल लागला, बाकीच्या दोन आरोपांवरही बहुमत बाईंच्या विरोधातच गेलं. १४ जण तटस्थ राहिले. तटस्थ राहणं म्हणजे दिसायला सभ्य पण इथे त्याचा उपयोग शून्य, कारण उलट बाजूने हातावर मोजण्याइतकीच मतं होती.

दुसऱ्याच दिवशी हायकोर्टाचे न्यायमूर्ती बहाती म्वामुये यांनी स्टे दिला आणि बाई पदावर कायम राहिल्या. हा कोर्टाचा अध्यायही केनियात नेहमीचाच आहे. पहिला महाभियोग झालेले गव्हर्नर, एम्बूचे मार्टिन वाम्बोरा, २०१४ ला सिनेटने काढले, कोर्टाने परत बसवले, आणि २०१७ ला लोकांनी त्यांना पुन्हा निवडूनही दिलं. नैरोबीचे माइक सोंको मात्र डिसेंबर २०२० ला गेले ते गेलेच, २०२२ ला मोंबासातून उभं राहायला निघाले होते पण सुप्रीम कोर्टाने त्यांचा महाभियोग कायम ठेवला आणि रस्ता बंद झाला. म्हणजे महाभियोगात नुसती खुर्ची जात नाही, पुढची निवडणूक लढवायचा हक्कही जाऊ शकतो. म्हणून कवीरा इतक्या चिवटपणे कोर्टात लढत होत्या. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच सिनेटने देशाचे उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गाचाग्वा यांनाही महाभियोगाने घरी पाठवलं, त्यामुळे मेरूची बातमी झाकोळली गेली ती गेलीच.

१४ मार्च २०२५ ला त्याच न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली. १७ मार्चला आयझॅक मुतुमा यांचा शपथविधी झाला. नवीन निवडणूक नाही, घटनेप्रमाणे गव्हर्नर गेला की डेप्युटीच उरलेली टर्म पूर्ण करतो, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत.

मला या सगळ्यात खटकतं ते हे, की गव्हर्नरला काढल्यावर एमसीएंचं काहीच जात नाही. त्यांची जागा तशीच राहते, पोटनिवडणूक नाही, लोकांपुढे जाऊन आम्ही हे का केलं ते सांगायची गरज नाही. आणि ज्या डेप्युटीला बढती मिळणार त्याला गव्हर्नर टिकण्यात काय रस? भांडण मिटवण्यात कोणाचाच फायदा नाही अशी ही रचना आहे. बाई म्हणून त्यांना जास्त त्रास झाला का, तर कवीरा स्वतः तसं वारंवार म्हणाल्या, आणि चार महिन्यांत पहिला ठराव येतो यात मेरूच्या पुरुषी राजकारणाचा हात नव्हता असं कोणी म्हणू नये. पण त्याच सिनेटपुढे २०२० ला ॲन वाइगुरूसुद्धा उभ्या होत्या, त्यांच्या सभागृहानेही त्यांना हटवलं होतं, आणि त्या वाचल्या, २०२२ ला परत निवडून आल्या. फरक एवढाच की वाइगुरूंच्या मागे कायम कुठली ना कुठली मोठी पार्टी होती. २०२२ ला अपक्ष असणं हीच कवीरांची ताकद होती, लोकांना पार्ट्यांचा कंटाळा आला होता. मतमोजणी संपली त्या दिवसापासून त्याच गोष्टीची किंमत सभागृहात मोजावी लागली, आणि गायी वाटून मिळवलेली दोन लाख मतं ६९ जणांच्या खोलीत काही कामाला आली नाहीत.